फाईव्ह गार्डनचे कावळे आणि आमचा चिकू

गुलबक्षी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज अडचण आली म्हणून मुहूर्त लागला. अडचण शेवटी सांगते. आधीचं कळल्याशिवाय ती कळायची नाही.

आमचा चिकू हा इंडी, म्हणजे देशी कुत्रा. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्याला घेऊन माझी माटुंग्याच्या फाईव्ह गार्डनला फेरी असते. बागांच्या आत आम्ही जात नाही, बाहेरच्या फुटपाथवरून झाडांच्या सावलीत हिंडतो. चिकूला प्रत्येक खांब आणि प्रत्येक बुंधा हुंगायचा असतो. तो हुंगतो तोवर मी उभी. रोज त्याच त्या जागी उभं राहून वर बघायची सवय लागली आणि कावळ्यांचं वेड लागलं ते तिथूनच.

आधी मला सगळे कावळे सारखेच दिसायचे. मग त्यातला एक ओळखू यायला लागला. त्याच्या डाव्या पायाचं मागचं बोट नाही, बहुतेक मांजात तुटलं असावं. फांदीवर बसताना तो किंचित पुढे झुकतो आणि शेपटीने तोल सावरतो. त्याचं नाव आम्ही बाजीराव ठेवलं. त्याच्या जोडीची ती अर्थात काशी. नर-मादी दिसायला सारखेच, पण या मोसमात घरट्यात बहुतेक वेळ बसून होती ती काशी आणि चोचीत घास घेऊन येणारा बाजीराव, यावरून कोण कोण ते ठरवलं. काशीच्या उजव्या पंखात एक पांढुरकं पीस आहे.

दोन गोष्टी मला फार आवडल्या, त्या सांगते. कोपऱ्यावर कोणीतरी भटक्या कुत्र्यांसाठी सिमेंटची कुंडी पाण्याने भरून ठेवतं. एका सकाळी बाजीराव कुठूनतरी ब्रून पावाचा कडक तुकडा घेऊन आला. कुंडीच्या काठावर बसला, तुकडा पाण्यात सोडला आणि वाट बघत राहिला. मध्येच उचलून चोचीने दाबून बघितला, अजून कडक होता, परत सोडला. तुकडा तरंगत पलीकडच्या काठाला गेला तर हा काठावरून उड्या मारत तिकडे. पुरता मऊ झाल्यावर त्याचे दोन भाग केले. एक तिथेच खाल्ला, दुसरा घशात साठवून थेट घरट्याकडे. चिकू आणि मी हातभर अंतरावर होतो, पण त्याने आमची पर्वा केली नाही.

दुसरी गोष्ट चिकूची. तो बाकाखाली बसून त्याची चघळायची कांडी चघळत होता. काशी समोर येऊन बसली, चार पावलांवर. बाजीराव मागून चालत आला, चक्क चालत, आणि चिकूची शेपटी चोचीत धरून ओढली. चिकू गर्रकन वळला. तेवढ्या वेळात समोरची काशी कांडी घेऊन गेली. ती तिला जड झाली आणि रस्त्यावरच पडली ही गोष्ट वेगळी, पण बेत दोघांचा मिळून होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता अडचण. गेला आठवडाभर हीच दोघं आमच्यावर धावून येतात. तिसऱ्या बागेच्या कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाखाली पोचलो की डोक्यावरून सूर मारतात. चिकूच्या पाठीला दोनदा पंख लागला, मला एकदा टाळूवर टोच बसली. नवरा एकटा तिथून गेला तर काही नाही. चिकूला घेऊन गेला की हल्ला. आमच्या पुढेच एक बाई बीगल कुत्रा घेऊन जातात, त्यांना कधी काही करत नाहीत. इतक्या दिवसांची ओळख असताना असं का? आणि काय करू? रस्ता बदलायचा तर चिकू ऐकत नाही.

---

रानवाटा

गुलबक्षी, सुंदर लिहिलंय. आधी खात्री करून घेतो. मान राखाडी आहे ना? म्हणजे आपला गावकावळा. डोमकावळा अंगभर काळा, चोच जाड, आवाज खोल. तो आरे, येऊर, नॅशनल पार्ककडे जास्त, पण शहरातल्या जुन्या दाट झाडीतही दिसतो.

आता दिवस बघा. मुंबईत गावकावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जुलै. चार-पाच अंडी, सोळा-सतरा दिवस उबवणं, मग तीन ते चार आठवडे पिल्लं घरट्यात. तुमची काशी बसून होती ते उबवणं. आता पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आहेत किंवा एखादं आधीच पडलंय. घरट्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस धड उडत नाही. झुडपात, गाडीखाली, फुटपाथवर बसलेलं असतं. आईबाप वरून पहारा करतात आणि जमिनीवरून चालणारा मांसाहारी प्राणी जवळ आला की तुटून पडतात. चिकू त्यांचा कितीही ओळखीचा असला तरी त्यांच्या दृष्टीने तो दात असलेला प्राणी आहे.

बीगलला का नाही आणि चिकूलाच का, यालाही उत्तर असू शकतं. चिकू तिथे थांबतो, हुंगतो. बीगल बहुधा सरळ चालत जात असेल. झाडाखालच्या झुडपात नीट बघा, पिल्लू सापडेल.

आणि ते चेहरे ओळखतात हे तर सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे अंगावर ओरडत. साधा दुसरा मुखवटा घातला तर दुर्लक्ष करत. गंमत म्हणजे जे कावळे कधी पकडलेच नव्हते तेही बाकीच्यांचं बघून ओरडायला शिकले, आणि हा राग वर्षानुवर्षं टिकला. तो अमेरिकन कावळा, जात वेगळी, पण आपल्या गावकावळ्याबरोबर रोज वावरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

---

चौथा_मजला

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या खिडकीत पहाटे पाचला काव काव सुरू होते. एसीच्या बाहेरच्या युनिटवर तारांचं घरटं, खाली विष्ठा, गॅलरीत कोंबडीची हाडं. वर राहणाऱ्या आजी रोज शेव-पोळी टाकतात. कावळा हुशार असेल, पण चार माणसांच्या घरात त्रास होतो त्याचं काय? कबुतरांना दाणे घालून काय झालं ते आपण बघितलं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यापर्यंत वेळ आली.

---

डॉ_चतुष्पाद

पशुवैद्य म्हणून थोडं लिहिते.

चिकूचे डोळे रोज बघा. कावळ्याची टोच पाठीवर बसली तर खरचटतं, डोळ्यावर बसली तर बुबुळाला जखम होते. डोळा मिचकावत असेल, पाणी येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. तुमच्या टाळूची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते तपासा. रेबीजची भीती बाळगू नका, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पक्ष्याच्या टोचीसाठी रेबीजची लस लागत नाही. हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडाला येतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

पट्टा आखूड धरा, छत्री उघडून चाला. छत्रीवर कावळे सहसा येत नाहीत, आणि जूनमध्ये छत्री हातात असतेच.

मेलेला कावळा दिसला तर चिकूला हुंगू देऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. एखादा मेला तर घाबरण्यासारखं नाही, पण एकाच जागी दोन-चार पडलेले दिसले तर हात न लावता महापालिकेच्या १९१६ या नंबरवर कळवा.

आणि ती सिमेंटची कुंडी कोण भरतं त्यांना सांगा, पाणी रोज ओतून टाकून घासून भरायचं. नुसती भर घालायची नाही. कुत्रे, कावळे, मैना सगळे त्यातच तोंड घालतात, वर डासांची अळी होते ती वेगळीच.

---

गुलबक्षी

रानवाटा, तुमचं म्हणणं खरं निघालं! आज सकाळी चिकूला घरी ठेवून एकटी गेले. बागेच्या कुंपणाला लागून मेंदीचं झुडूप आहे, त्याच्या तळाशी पिल्लू. पिसं पूर्ण आलेली, पण शेपटी अर्धीच. डोळे निळसर. चोच उघडली की आतून लालगुलाबी. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होते. बाजीराव आला, आधी खांबावर बसून सगळीकडे नजर फिरवली, मग झुडपाच्या दुसऱ्याच टोकाला उतरला आणि आतल्या आत चालत पिल्लापर्यंत पोचला. घास भरवला आणि वेगळ्याच बाजूने बाहेर पडला. पिल्लू नेमकं कुठे आहे ते कोणाला कळू नये म्हणून ही सगळी काळजी.

बागेतला सफाईवाला म्हणाला, याला उचलून झाडावर ठेवतो. मी थांबवलंय. बरोबर केलं ना?

---

रानवाटा

बरोबर. पिसं आलेलं पिल्लू जिथे आहे तिथेच राहू द्या. अगदी रस्त्यावर किंवा गाडीच्या चाकाखाली असेल तरच उचलून जवळच्या झुडपात, कठड्यावर किंवा खालच्या फांदीवर ठेवायचं, तेही डोक्यावर छत्री धरून. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा समज खोटा आहे, कावळी तर अजिबात टाकत नाही. पाणी चोचीत ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. दूध नाही, दूधपोळी नाही. अंगावर पिसं नसलेलं किंवा रक्त येणारं पिल्लू असेल तर खोक्यात घालून परळला बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात न्या. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेले पक्षी तिथे आणतात. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी दर जानेवारीत हेच.

---

डॉ_चतुष्पाद

अनुमोदन. पिल्लू घरी नेऊन वाढवण्याच्या भानगडीत कोणी पडू नका. आईबाप जिवंत असताना आपण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

---

वेसावकरीन

आमच्या वेसाव्याला या, कावळा काय चीज आहे ते बघा. बोंबील सुकवायला वलांडीवर घातले की पहिली राखण कावळ्यांपासूनच. आई काठी घेऊन बसायची. तिची पाठ वळली की कावळा यायचा, ती वळून बघेपर्यंत गेलेला. काठी हातात नसली तर दोन हातांच्या अंतरावर येऊन बसायचे, काठी उचलली की वलांडीच्या दुसऱ्या टोकाला. काठी केवढी लांब आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेजारच्यांनी वलांडीला काळं फडकं टांगलं होतं, मेलेल्या कावळ्यासारखं दिसावं म्हणून. नवीन होतं तोवर लांब राहिले, मग त्याच फडक्यावर बसून बोंबील खायला लागले.

तरी आईने कधी दगड मारला नाही. जाळं झटकल्यावर जी फुटकी मासळी उरते ती तीच त्यांना टाकायची. म्हणायची, खाडीवर घाण राहत नाही ती यांच्यामुळे.

---

दादरकर_कॅल्गरी

मी मूळचा दादरचा, आता बरीच वर्षं कॅल्गरीत. आमच्याकडे गावाच्या पार्कमध्ये कुत्रा फिरवताना रेव्हन भेटतात, म्हणून हा धागा अगदी मनापासून वाचतोय.

रेव्हन पहिल्यांदा बघणाऱ्याला कावळाच वाटतो, पण शेजारी उभा राहिला की फरक कळतो. गावकावळा वजनाला तीनशे ग्रॅमच्या आसपास, रेव्हन एक किलोच्या वर. चोच जाडजूड, गळ्याखाली लांब पिसांची दाढी, उडताना शेपटी पाचरीच्या आकाराची दिसते. आवाज काव काव नाही. खोल घशातून क्रॉऽक, मध्येच पाण्याचा थेंब पडल्यासारखा टॉक असा नाद. हवेत उलटे होऊन पाठीवर उडतात, परत सरळ होतात, आणि हे काही कामासाठी नाही, नुसती मजा म्हणून.

आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचं नाव मोती. पार्किंगपासून एक जोडी आमच्याबरोबर चालत येते, झाडावरून झाडावर. मोतीला मी खाऊ दिला की त्यातला चुरा पडतो हे त्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यात ते मिळालेलं बर्फात पुरतात. पुरण्याआधी आजूबाजूला दुसरा रेव्हन आहे का बघतात, असेल तर पुरल्याचं नुसतं सोंग करतात आणि तुकडा घशातच ठेवून दुसरीकडे नेतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि संशोधकांनीही नोंदवलंय.

शेपटी ओढण्याबद्दल: रेव्हन हेच लांडग्यांशी करतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणून सोडले. तिथे लांडग्यांनी शिकार केली की रेव्हन हजर. लांडग्याच्या पिल्लांच्या शेपट्या ओढणं, त्यांच्याशी झोंबणं हे नेहमीचं. बाजीराव-काशीने चिकूशी केलं ते हेच. कुत्र्याच्या आणि या पक्ष्यांच्या सोबतीला फार जुना काळ झाला असणार असं मला राहून राहून वाटतं.

---

नानाकाका_गिरगाव

कॅल्गरीकर, भारतातही रेव्हन आहे बरं का. लडाखला, हिमालयात उंचावर, आणि हिवाळ्यात राजस्थानच्या बिकानेरकडच्या वाळवंटात. मी लेहला बघितला आहे. मुंबईत मात्र नाही. इथे काळा मोठा दिसला तर तो डोमकावळा समजावा.

चौथा मजला यांना उत्तर देतो. आमच्या घरी जेवणाआधी काकबळी ठेवायची पद्धत माझ्या आईपासून चालत आलेली. एक घास, तोही ताज्या भाताचा. उरलेलं, आंबलेलं, तळलेलं नाही. कावळा खातो, पाटा स्वच्छ राहतो. पोतंभर दाणे टाकून शेकडो पक्षी जमवणं आणि एक घास ठेवणं यात फरक आहे आणि तो मानला पाहिजे. तुमच्या वरच्या आजींना शेवेऐवजी भाताचा घास ठेवायला सांगा आणि कठड्यावर ताटली ठेवायला सांगा. त्या ऐकतील. म्हाताऱ्या माणसाला कोणी नीट सांगितलं तर पटतं.

दुसरं म्हणजे बाणगंगा. वाळकेश्वरला तलावाच्या काठी पिंडदानासाठी गेलात तर बघा, तिथल्या कावळ्यांना वेळा माहीत असतात. गुरुजी दर्भ हातात घेतात तेव्हाच ते कठड्यावर येऊन बसलेले असतात. माझ्या थोरल्या भावाच्या दहाव्याला कावळा शिवेना. आम्ही सगळे उभे. वहिनी पुढे होऊन म्हणाली, मुलीचं शिक्षण मी पूर्ण करीन. त्यानंतर कावळा आला. मी पक्षी बघणारा माणूस आहे, गर्दी थोडी मागे सरकली म्हणून तो आला हेही मला दिसलं. पण वहिनीने शब्द दिला तो दिला, आणि पाळला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी खोटी पडत नाही.

---

चौथा_मजला

नानाकाका, आजींशी बोललो. ताटली ठेवायचं कबूल केलंय. एसीवरच्या घरट्याचं मात्र काय करू? मेकॅनिक म्हणतो काढून फेका.

---

रानवाटा

त्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर आत्ता हात लावू नका. पिल्लं उडून गेली की, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, घरटं काढा आणि युनिटवर जाळी बसवा. तोवर सर्व्हिसिंग पुढे ढकला. तारांचं म्हणताय ते खरं आहे. मुंबईच्या कावळ्यांना काटक्यांपेक्षा बांधकामाच्या तारा सहज मिळतात. तारेचं घरटं वाऱ्यात लवकर मोडत नाही.

कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा पाचव्या अनुसूचीत होता, म्हणजे उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. "कावळ्याला कायदा नाही" असं मेकॅनिक म्हणाला तर त्याला हे ऐकवा.

आणि ज्यांना कावळा फक्त आपल्याकडेच डोईजड वाटतो त्यांच्यासाठी: हाच आपला गावकावळा जहाजांवरून आणि माणसांनी नेल्यामुळे पूर्व आफ्रिकेत पोचला. तिथे त्याने स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं इतकी खाल्ली की २०२४ मध्ये केनिया सरकारने दहा लाख कावळे मारायचा कार्यक्रम जाहीर केला. इथे तो इथल्या घारी, शिक्रे, कोकिळा यांच्यासोबत वाढलाय, त्यामुळे त्याच्यावर लगाम आहे. परक्या जागी तो लगाम सुटतो.

---

हिंदू_कॉलनी_दुसरी_गल्ली

कोकिळेचा विषय निघालाच आहे तर. आमच्या गल्लीत गुलमोहरावर कावळ्याचं घरटं आहे. एप्रिलमध्ये रोज पहाटे नर कोकीळ अगदी घरट्याजवळ येऊन कुहू कुहू करायचा, दोन्ही कावळे त्याच्या मागे धावायचे. एकदा ते गेल्यावर ठिपक्याठिपक्यांची मादी घरट्यात शिरलेली मी स्वतः बघितली, क्षणभरच. आता त्या घरट्यात तीन पिल्लं दिसतात, एक बाकीच्यांहून काळंभोर. ते कोकिळेचंच ना? युरोपातला कुक्कू यजमानाची अंडी ढकलून देतो असं वाचलं होतं, इथे तर कावळ्याची पिल्लं पण आहेत.

---

रानवाटा

कोकिळेचंच असणार. आपली कोकिळा त्या बाबतीत सौम्य. तिचं पिल्लू सहसा कोणाला ढकलत नाही. तिचं अंडं बारा-चौदा दिवसांत फुटतं, कावळ्याचं सोळा-सतरा. त्या दोन-तीन दिवसांच्या आघाडीवर ते जास्त घास मिळवतं, कावळ्याची एक-दोन पिल्लं उपाशी राहून जातात, बाकीची जगतात. घरट्यातून बाहेर पडल्यावरही कावळा त्याला भरवत राहतो. ते दृश्य जूनमध्ये मिळालं तर सोडू नका.

---

गुलबक्षी

एक नवीन चिंता. काल संध्याकाळी झाडं छाटणारी माणसं आली. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. त्यांच्या यादीत तिसऱ्या बागेचा तो पर्जन्यवृक्षही होता. बाजीरावाचं दुसरं पिल्लू अजून घरट्याच्या कडेला बसलंय, उडत नाही. मी मुकादमांना घरटं दाखवलं. त्यांना ते दिसलंच नव्हतं, खालून पानांत लपतं. ते चांगले निघाले, म्हणाले, ती फांदी शेवटी घेऊ. पण शेवटी म्हणजे किती दिवस?

मला हे नेहमीच खटकतं. छाटणीचे दिवस आणि घरट्यांचे दिवस नेमके तेच, एप्रिल ते जून. वादळात फांदी पडून माणूस दगावू नये हे मान्यच आहे. पण जी फांदी रस्त्यावर लोंबत नाही, वाळलेली नाही, तिच्यावर घरटं असेल तर दोन आठवडे थांबता येत नाही का? किंवा छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत का नाही?

---

हिंदू_कॉलनी_दुसरी_गल्ली

आमच्या सोसायटीने यंदा हेच केलं. आवारातली छाटणी परवानगी काढून फेब्रुवारीत उरकली. झाडांचा कायदा १९७५ चा आहे, आवारातली फांदीही परवानगीशिवाय तोडता येत नाही, तेव्हा अर्ज करायचाच तर डिसेंबरात करावा. रस्त्याकडेच्या झाडांसाठी आम्ही एक यादी करून दिली: कोणत्या झाडावर कोणत्या बाजूला घरटं आहे, फोटोसकट. लेखी दिलं की मुकादमालाही वरिष्ठांना दाखवायला कागद मिळतो. त्यालाही पिल्लं पाडायची हौस नसते.

---

नानाकाका_गिरगाव

उत्तम. हे सर्वांनी करावं.

---

गुलबक्षी

यादी केली! सकाळी चिकूला घेऊन पाचही बागांभोवती फिरले, छत्री डोक्यावर. कावळ्यांची घरटी तर सापडलीच, शिवाय एका सोनमोहराच्या ढोलीत पोपट. बीगलवाल्या बाई सोबत आल्या, फोटो त्यांनी काढले. कागद मुकादमांना दिला, त्यांनी सहीसुद्धा केली.

मेंदीतलं पिल्लू आता कुंपणावर चढून बसतं. चिकू गेला की बाजीराव ओरडतो, पण अंगावर येत नाही. आम्ही पलीकडच्या फुटपाथवरून जातो, आणि आता चिकूनेही तो बदल मान्य केलाय. रस्त्यापलीकडे गेल्यावर काशी खांबावरून आमच्याकडे मान वाकडी करून बघते आणि गप्प बसते. सीमा तिने ठरवली आणि आम्ही पाळली, एवढं आमच्यात ठरलंय.

हिंदू कॉलनीवाले, तुमचं ते कोकिळेचं पिल्लू मला बघायचंय. नक्की कुठलं झाड?

---

हिंदू_कॉलनी_दुसरी_गल्ली

दुसऱ्या गल्लीत शिरलात की डाव्या हाताचा मोठा गुलमोहर, खाली इस्त्रीवाल्याची टपरी आहे. पिल्लू परवाच घरट्यातून निघालं, आता टपरीच्या पत्र्यावरच्या फांदीला असतं. सकाळी साडेसहा ते सात या वेळात या, कावळा दर दहा-पंधरा मिनिटांनी भरवायला येतो. चिकूला आणलंत तरी चालेल, पण टपरीच्या अलीकडे थांबा. इस्त्रीवाले भैया सगळ्यांना अलीकडेच थांबवतात.

---

दादरकर_कॅल्गरी

कोणीतरी व्हिडिओ काढा आणि इथे टाका. मी वाट बघतोय.